काकांना पाठ झालेले शब्द

टर्नरकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढची तीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड तासण्यात गेली. मुलगी मात्र हुशार. सरकारी नोकरीच्या परीक्षेत तिला गणितात पैकीच्या पैकी, आणि इंग्रजीत दोनदा नापास. दोन्ही वेळा घोडं अडलं ते अवघड शब्दांपाशी. वयाची अट जवळ आली होती. आता एकच संधी उरली होती.

काका म्हणाले, "मी विचारतो, तू सांग."

पण विचारायचं तर आधी आपल्याला वाचता यायला हवं. इंग्रजी अक्षरांची जुजबी ओळख होती, उच्चार त्यांनी लेकीकडूनच मराठीत लिहून घेतले आणि अर्थ आपल्या पद्धतीने बसवले. ॲम्बिव्हॅलंट, म्हणजे धड ना इकडे, धड ना तिकडे. गॅर्युलस, म्हणजे तोंडाला कुलूप नाही. इफेमरल, म्हणजे अळवावरचं पाणी. रोज दहा शब्दांची चिठ्ठी खिशात असायची. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर निघाली की सोबती विचारायचे, "काय प्रोफेसर, आज कोणता शब्द तासताय?"

सकाळी कामावर जाण्याआधी तासभर बापलेकीची उजळणी चालायची. आणि भलतंच व्हायला लागलं. तिच्या डोक्यातून शब्द निसटायचे, काकांच्या डोक्यात ठाण मांडून बसायचे. ती अडली की उत्तर यांच्या जिभेवर तयार. एकदा चिडून म्हणाली, "बाबा, मग तुम्हीच बसा ना परीक्षेला!" काकू चहा गाळता गाळता हसल्या. बाकी कोणी हसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी काकांनी रजा टाकली आणि ते केंद्राबाहेरच्या पायरीवर तीन तास बसून राहिले. ती बाहेर आली तेव्हा चेहरा पार उतरलेला.

"सगळे ओळखीचे होते, बाबा. पण एकेकाचा अर्थ आठवायला गेले की डोकं कोरं."

तिने प्रश्नपत्रिका पुढे धरली. काका एकेका शब्दावर बोट ठेवत पानाच्या तळापर्यंत आले. मान वर केली नाही.

"येतात ना तुम्हाला?"

"छे गं. मलाही नसते आले."

ती म्हणाली, "तुम्हाला खोटंही नीट बोलता येत नाही."

तीन गुणांनी गेली. पुढे एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागली. काकांनी शब्दांचा विषय पुन्हा काढला नाही. पण जिना चढताना ते पुटपुटत असत, हे मी स्वतः ऐकलंय.

वर्षभराने कारखान्यात नवं मशीन आलं. फोरमनने इंग्रजी माहितीपुस्तिका काकांच्या हातात ठेवली. "प्रोफेसर, वाचून सांगा." काकांनी पानं उलटली. त्यांचा एकही शब्द तिथे नव्हता. होते ते सगळे साधे, आणि साधे शब्द ते कधी शिकलेच नव्हते. पुस्तिका मुकाट्याने घरी आली.

लेकीने हात पुसले आणि ती पहिल्या पानापासून घडाघडा वाचून, एकेक ओळ मराठीत सांगत गेली. कुठे अडली नाही.

काका बघतच राहिले. "अगं, तुला तर इंग्रजी येतं!"

"येतं ना, बाबा," ती पान उलटत म्हणाली. "हे तिथे विचारत नाहीत."