काकांचं गाऱ्हाणं आणि माझे जंत

घोडपदेवच्या आमच्या खोलीत गणपती बसला की आरतीनंतर काका गाऱ्हाणं घालतात, म्हणजे घरातल्या एकेकासाठी देवाकडे मोठ्याने मागणं मागतात. माझ्यासाठीचं मागणं मी शाळेत होते तेव्हापासून तेच आहे: "ह्या चेडवाचा शिक्षण पुरा होवंदे रे म्हाराजा!" मग सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझी पीएचडी होऊनसुद्धा वर्षं लोटली, पण देवापर्यंत ही बातमी पोचवणार कोण?

परळच्या प्रयोगशाळेत मी बारीक जंत पाळते. जंताच्या बालपणाचा पहिला टप्पा कधी संपवायचा, हे एक इवलासा आरएनए ठरवतो. तो वेळेवर आला की तो टप्पा चालू ठेवणाऱ्या जनुकाचं तोंड बंद करतो. ज्या जंतात तो नसतो त्याचं अंग वाढतं, पण त्याच्या पेशी पहिल्याच टप्प्यातली कामं पुन्हा पुन्हा करत बसतात.

यंदा आरतीच्या आधी मी हे सगळं काकांना ऐकवलं. वर म्हटलं, "तुमच्या गाऱ्हाण्यातही तो आरएनए नाहीये, काका. माझं शिक्षण कधीच संपलं. आता पुढचं काहीतरी मागा."

काकांनी शांतपणे विचारलं, "मगे पर्मनंट झालंस?"

"नाही. फेलोशिप आहे. अजून वर्षभर वाढवून मिळाली."

"परत?"

मी टाळ उचलले. आरती झाली, काकांनी हात जोडले आणि आवाज चढवला, "ह्या चेडवाचा शिक्षण पुरा होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणाले.