डायवरची बदली

दामोदर भाऊजी. माझ्या नावामागे जी पदवी लागते ती या माणसामुळे लागते, एवढं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझं वागणं काही बरं नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे पती. ते गेले तेव्हा मी अमेरिकेतल्या विमानतळावर, त्यांनाच भेटायला निघालेला, तपासणीच्या रांगेत उभा होतो. फोन ताईचाच होता. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "ये आता आरामानं. घाई नाई राह्यली." मागचा प्रवासी मला पुढे सरकायला सांगत होता आणि मला मात्र रांग कशासाठी आहे तेच आठवेना...

आमचं गाव आलापल्लीच्या पुढे, रस्ता संपल्यावरही थोडं चालावं लागतं असं. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नव्हता, कारण आमच्या घरात पुढे कुणी गेलंच नव्हतं. नवीन लग्न झालेले भाऊजी सासुरवाडीला आले होते. जेवताना त्यांनी मला पाढे विचारले, मी म्हटले, आणि हात धुता धुता ते माझ्या बाबांना म्हणाले, "मामाजी, याले मी चामोर्शीले घेऊन जातो. आमच्या इथी शाळा आहे." नवीन जावयानं लग्नात काही मागितलं नव्हतं, मागितलं ते हे. मी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात कॉलेजला जाईपर्यंत राहिलो. माझी परीक्षा असली की घरातला रेडिओ बंद राही. सामन्याचं धावतं वर्णन सुरू असलं तरी बंद राही, आणि त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

भाऊजी सरकारी बसचे कंडक्टर. गडचिरोली, चामोर्शी, मूल, या रस्त्यांवर त्यांची हयात गेली. पण त्यांचा जीव खेळात. धान निघून खळी मोकळी झाली की आमच्या भागात गावोगाव कबड्डीचे सामने लागतात, तिथे ते पंच म्हणून जात, आणि शिट्टी वाजवत तीही बस मागे घेताना वाजवतात तशीच, लांब. निकाल देताना ते खूप चुकत. खेळाबद्दल त्यांचं मत ठाम असे आणि बहुतेक वेळा साफ चुकीचं निघे, पण त्यानं त्यांचं काही अडत नसे. "मी बरोबरच होतो, पोट्टे चुकीचं खेळले," असं म्हणून ते मोकळे.

या सामन्यांची एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. चांगला चढाई करणारा पोरगा असला की दुसरं गाव त्याला आपल्याकडून खेळायला नेतं. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. पण त्याच्या स्वतःच्या गावचे सामने लागले की त्यानं घरच्या संघातून उतरायचं, मग तो कुठेही असो. नाही आला तर वर्षभर पारावर त्याचं नाव निघतं. भाऊजी ही रीत फार मानत. एकदा एक पोरगा आला नाही तेव्हा त्यांनी भर मैदानात त्याच्या बापाला ऐकवलं होतं, "घरचा सामना सोडते का कोणी?" मी तेव्हा मैदानाच्या कडेला बसलो होतो. ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं, आणि पुढे त्यानंच घोळ केला.

मी शिकायला म्हणून अमेरिकेत गेलो आणि नोकरी लागली म्हणून राहिलो. पहिल्या हिवाळ्यात फोनवर बोलायलाही माझ्याकडे काही नसे. बर्फ, जेवण, अभ्यास, एवढं झालं की संपलं. भाऊजींनी विचारलं, "तिथचे लोकं पाह्यतात तरी काय?" मी सांगितलं, फुटबॉल, पण पायानं खेळतात तो नाही, हातात चेंडू घेऊन पळतात, एकमेकांवर आदळतात. ते खूश झाले. "म्हणजे कबड्डीच की! फक्त कपडे जास्त." त्यानंतर मोबाइलवर मिळतील ते तुकडे ते पाहायला लागले. तिकडची संध्याकाळची मॅच इकडे सकाळी लागते. निवृत्तीनंतर सकाळ त्यांचीच होती. या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. भाऊजींनी त्याला नाव दिलं डायवर. बाकीचे सगळे पॅसेंजर. आणि असा खेळाडू एका शहराचा संघ सोडून दुसऱ्या शहराकडे गेला की भाऊजी म्हणत, "डायवरची बदली झाली."

दर सोमवारी त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज माझ्या फोनवर येऊन पडायचा. "अरे बाबू, तुमच्या डायवरले सांग, गाडी एवढी जोरात काऊन पळवते? बाजूनं माणूस येऊन राह्यला ते पाह्यत नाई का तो?" कधी, "त्या म्हाताऱ्या डायवरले अजून पगार देऊन राह्यले, आन नवीन पोट्टा बाकावर बसून राह्यला. डेपो मॅनेजर कोण आहे तिथचा?" मार्च आला की कॉलेजांच्या बास्केटबॉलची स्पर्धा, एक सामना हरला की घरी. त्यात एखादं कुणाला माहीत नसलेलं कॉलेज मोठ्या विद्यापीठाला पाडतं. त्या दिवशी भाऊजी संदेश पाठवत नसत, सरळ फोनच करत, मी कामात असो नसो. "पाह्यलं का? लहान्यायनं लोळवलं! मी म्हटलं होतं!" त्यांनी म्हटलेलं नसायचं. मागून ताई ओरडे, "त्याले कामं नाईत का? स्वतः रिकामे, दुसऱ्याले बी रिकामा समजतात!" मग ते मला म्हणत, "तुझ्या बहिणीले उलटफेर समजत नाई." आणि ताई म्हणे, "समजते. तुमच्यासंग लग्न झालं तोच उलटफेर होता."

हे सगळं मला आवडत होतं का? खरं सांगायचं तर सुरुवातीला आवडलं, नंतर मी ते अर्धवट ऐकू लागलो, आणि शेवटी न ऐकताच अंगठ्याचं चित्र पाठवू लागलो. माझे सहकारी या खेळावर फार अभ्यासून बोलत. त्यांच्यात बसून आल्यावर भाऊजींचे पॅसेंजर आणि डेपो मॅनेजर मला पोरकट वाटत. याच काळात माझं गावी येणं पुढे जात होतं. एकदा व्हिसाचं कारण निघालं, दुसऱ्या वर्षी नव्या नोकरीचं. कारणं खरी होती. पण खरी कारणं सांगतानाही माणूस चोरटा होतो, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला मी दुसऱ्यांदा येणं रद्द केलं. त्याच आठवड्यात आमच्या शहराचा जुना क्वार्टरबॅक, जो आधी दुसऱ्या शहराकडे गेला होता, तो पाहुण्या संघातून आमच्या मैदानावर खेळायला आला. लोकांनी त्याची फार हुर्यो उडवली. सोमवारी भाऊजींचा आवाज आला. "डायवर गेला तं गेला, मोठा झाला, चांगलं झालं. पण इतक्या वर्षानं जुन्या डेपोत आला, तं एकदा लोकायकडे पाहून हात तं वर करा लागत होता ना? सरळ मान खाली घालून निघून गेला. असं नाई करा लागत, बाबू."

मी ते दोनदा ऐकलं. मला वाटलं, हे माझ्यावर आहे. घरचा सामना, मैदानातला तो बाप, सगळं एकदम आठवलं. वाटलं, सरळ बोलायचं सोडून हा माणूस खेळाच्या आडून मला टोचतो आहे, आणि मागचे सगळे सोमवारही तेच करत होता. मी लिहिलं, "भाऊजी, मी आलो नाही याचा राग असेल तर तोंडावर बोला. हे टोमणे नकोत. मला समजतं तुम्ही कुणाबद्दल बोलता ते."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "बरं."

त्यानंतर सोमवारी आवाज आला नाही. पुढच्याही सोमवारी नाही. सकाळचा जयभीम येत राहिला, तब्येतीचं विचारणं येत राहिलं. डायवर मात्र गेला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही इथे लिहायलाच हवं.

मार्चमध्ये भाऊजींना गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती केलं. किडनीचं जुनं दुखणं एकदम वाढलं होतं. ताईनं फोन केला, आणि डॉक्टर काय म्हणतात ते सांगून झाल्यावर एकदम म्हणाली, "तू काय बोलला होता रे त्यायले?" उत्तराची वाट न बघता ती पुढे म्हणाली, "तेव्हापासून मॅच पाह्यतात आन कोणासंग बोलत नाई. मले विचारत होते, 'सुमन, मी त्याले टोमणा काऊन मारीन? मी तं त्या डायवरचंच बोलत होतो.' मोबाइल माह्यासमोर ठेवून मले तो डायवर दाखवत होते, बाप्पा. मान खाली घालून कसा गेला ते दाखवत होते. मले काय समजते त्यातलं?" मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं की चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, तुमचा साळा तिकडचाच झाला, तर भाऊजी चहा तसाच ठेवून उठले होते. "त्याले जिथं काम भेटलं तिथं तो गेला. तुम्ही काऊन त्याची हजेरी घेऊन राह्यले?" असं म्हणून घरी आले होते.

म्हणजे तो टोमणा नव्हताच. एका माणसाला एक खेळ आवडत होता आणि त्याबद्दल त्याला माझ्याशी बोलायचं होतं, बस. त्या सगळ्यात मी कुठेच नव्हतो, आणि मी तिथे स्वतःला नेऊन बसवलं. इतकं शिकून मला हे कळलं नाही की समोरचा माणूस खेळाबद्दल बोलतो तेव्हा तो खेळाबद्दलच बोलत असू शकतो.

मी तिकीट काढलं. आणि निघेपर्यंत राहवेना म्हणून ताईच्या फोनवर एक लांब पत्र पाठवलं, त्यांना वाचून दाखव म्हणून. चांगल्या मराठीत लिहिलं होतं. तुमचे उपकार, माझा उद्धटपणा, मला क्षमा करा... ताईनं खाटेजवळ बसून सगळं वाचलं. तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. भाऊजींनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "एवढं लंबं लिहिलं, आन मॅचचं काईच नाई? त्या लहान्या कॉलेजचं काय झालं?"

निळ्या बनियनचं एक कॉलेज स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलं होतं, ते त्यांनी घरी असतानाच हेरून ठेवलं होतं, हे मला ताईकडूनच कळलं. त्याचा सामना आदल्याच दिवशी झाला होता. मी तो पाहिलाही होता. आणि क्षमा मागताना, पुन्हा एकदा, मी फक्त स्वतःबद्दल लिहिलं होतं.

मी लगेच बसून दुसरं पत्र लिहिलं. ते पोचलं तोवर भाऊजींची शुद्ध गेली होती. ताईनं तरीही ते त्यांच्या कानाशी वाचलं. त्यांना ऐकू गेलं का, हे मी चामोर्शीला पोचल्यावर तिला विचारलं. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं अंगणात बसली होती, ताई आत पीठ मळत होती. म्हणाली, "मी वाचलं. पुढचं मले नाई माहीत." मी त्यावर काही रंगवून सांगणार नाही. तेव्हापासून ते पत्र मी दुसऱ्या कुणाला दाखवलेलं नाही. आज जसंच्या तसं इथे देतो.

"भाऊजी, जयभीम. जिंकले! निळे बनियनवाले जिंकले. समोरचे सारे ताडासारखे उंच, आपले त्यायच्या खांद्याले लागत होते. पण पहिल्यापासून असे पळवले त्यायले, का शेवटी उंचायचे पाय उचलून नाई राह्यले होते. शेवटचा बॉल एका बुटक्या पोट्ट्यानं लांबूनच फेकला. कोणी म्हणन नशीब. मी म्हणतो नशीब नाई, दम. तुम्ही असते तं शिट्टी चुकीची वाजवली असती, हेही सांगतो. दुसरी गोष्ट. आमच्या शहरानं नवीन डायवर आणला, कालच बदली झाली. वय कमी आहे, हात चांगला आहे, पण घाई करते. मी म्हणतो एक वर्ष बाकावर बसवा लागते त्याले, जुन्याच्या बाजूले बसून रस्ता पाह्यला पाह्यजे. तुम्ही नेहमी म्हणता, पोट्ट्याले पहिल्याच दिवशी स्टेरिंग द्या. मले ते पटत नाई. तुमचं चूक आहे. काऊन चूक आहे ते आल्यावर सांगतो, पण तुम्ही तुमचं आधी सांगा. परवा निळ्यायचा पुढचा सामना आहे, तुमच्या इथी सकाळी लागन. या वेळेस समोरचे लय भारी आहेत. मी म्हणतो, आपले हारतात. बोला, भाऊजी."