मावशीच्या झोपेचा पहारा

विश्रांतीवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही आता पाय पसरून बसला असाल. गिरगाव चौपाटी येईल, संध्याकाळचा वारा सुटेल, मग मी डोळे मिटून काहीतरी खोल बोलेन. बसा, हरकत नाही. पण चौपाटी यायची नाही. लालबागच्या चाळीतली एक खोली येईल, तिच्यात भर दुपारी एक बाई झोपेल, आणि तीही धड नाही. एवढीच गोष्ट आहे.

ही बाई म्हणजे आमची खाणावळवाली मावशी. मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो गेला. मागे राहिली एक खोली, एक चूल आणि आम्ही. आम्ही म्हणजे गिरणीतले, रे रोडच्या लाकडाच्या वखारीतले, आणि त्यांच्यात एक मी. घाटावरचा, तालुक्याच्या शाळेतून मॅट्रिक होऊन फोर्टातल्या हपिसात चिकटलेला. गिरण्या पाळ्यांत चालायच्या, म्हणून मावशीची चूलही पाळ्यांत चालायची. एक पंगत उठली की दुसरी, रात्रपाळीवाले सकाळी डोळे चोळत हजर. चुलीपुढचं सोडलं तर ती बसलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि चुलीपुढचं बसणं काही बसणं नव्हे. जेवायचीसुद्धा उभ्यानं, ताट मांडणीवर ठेवून, एक डोळा दाराकडे.

मी नकला करायचो. सभेतले पुढारी, आमचा हेडक्लार्क, गिरणीचा भोंगा, मांजरं, कुत्री, जे कानावर पडेल ते. पण पंगतीत मागणी असायची मावशीच्या आवाजाला. जरा घोगरा, नाकातून निघून शेवटाला वर चढणारा. ती मोरीवर गेली की मी सुरू करायचो, आणि माणसं घास हातात धरून हसायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. मोर्चा निघाला की चाळीचाळींतून भाकऱ्या गोळा व्हायच्या आणि मावशीच्या खोलीतून टोपली भरून जायची. त्या आठवड्यात तर तिचा तवा थंड झालाच नाही. शेवटी रविवारी सकाळी भाकरी उलटता उलटता, बसल्या जागी, तिचा डोळा लागला आणि उजवा तळहात तापल्या तव्यावर टेकला.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि चष्म्यावरून बघितलं. "बाई, हात बरा होईल. पण झोपला नाहीत तर पुढल्या वेळी अख्ख्या चुलीत पडाल. आज दुपारी झोपायचं म्हणजे झोपायचं."

"आणि ह्येंका कोण वाढतला?" मावशीनं आमच्याकडे बोट केलं.

"आम्ही सगळे परळच्या सभेला चाललोय," आमच्यातले थोरले म्हणाले. हे विणकाम खात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचे, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. "खोलीत कोणी राहणार नाही. फक्त हा दारात बसेल. ए, तू तोंड उघडायचं नाही."

"दादा, तोंड न उघडता मी मरेन."

"मग गॅलरीत जाऊन मर. तिची झोप मोडली तर बघ. ही बाई अंथरुणाला लागली ना, तर आपण सगळे पाव खाऊन मरू."

सगळे गेले. मावशी चटईवर आडवी झाली खरी, पण गॅलरीत पाऊल वाजलं की पडल्या पडल्या ओरडायची, "कोण गो?" आणि उठून बसायची. भंगारवाला ओरडला, उठली. समोरच्या खोलीत पाट सरकला, उठली. मी म्हटलं, हे काय खरं नाही. दार लोटलं, थोडी फट ठेवली आणि आत आडोशाला बसलो. आता जो येईल त्याला मावशीच उत्तर देणार होती. आवाज मावशीचा, तोंड माझं. हळूहळू आतून घोरणं ऐकू आलं. इतकं गोड घोरणं मी आजवर ऐकलं नाही. त्याची नक्कल करावीशीही वाटली नाही.

तेवढ्यात कोळीण आली. "ए मावशी, बांगडे आणलेत, फडफडीत!"

मी घसा घोगरा केला. "नको गो माका! कालचो तुजो बांगडो कुसलेलो!"

कोळीण खो खो हसली. "बरं बाय, नेहमीएवढे ठेवते." आणि उंबऱ्यावर बांगडे ठेवून गेलीसुद्धा. मला वाटलं, बिचारी बहिरी असेल.

मग शेजारीण. कडेवर पोर. "मावशी, नळाला पाणी आलंय, ह्याला जरा बघ गं."

"माका दुसरी कामा नाय? हयसर काय पाळणो टांगलोय?"

"हो गं, आत्ता येते." आणि बांगड्यांच्या शेजारी पोर ठेवून ती कळशी घेऊन पळाली.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मावशीकडे काही मागा, ती आधी अंगावर येणार. आणि अंगावर आली म्हणजे दिलं. सगळ्या चाळीला हे ठाऊक होतं. तिच्या तोंडून "नाय" कधी साधं यायचंच नाही, शिव्यांतून यायचं, आणि त्याचा अर्थ "घे". मी आवाज बरोबर उचलला होता आणि त्याबरोबर तिचा होकारही वाटत सुटलो होतो.

पोर गप्प होतं, बांगड्याच्या डोळ्यात बोट घालत होतं. आत घोरणं चालू. म्हटलं, आता कोणी येऊ नये. तर आला मोर्चाची जमवाजमव करणारा कार्यकर्ता. "मावशी! उद्या वरळीच्या बीडीडी चाळींतली माणसं पण आपल्याबरोबर निघतायत. भाकऱ्या जास्ती लागतील हां."

आता शिवी देऊन चालणार नव्हतं. शिवी म्हणजे होकार. मी मावशीच्या आवाजात अगदी मऊ झालो. "नाय रे बाबा. आज जमाचा नाय. हात भाजलो."

बाहेरून घाबरलेला आवाज आला. "मावशी, एवढं गोड का बोलतेयस? बरं वाटत नाही का? थांब, आत येतो." आणि दारावर हात.

तो आत आला असता तर मावशी उठली असती, आणि मी तर मेलोच असतो. करतो काय? "भायर ऱ्हव मेल्या! माज्याकडे काय भाकऱ्यांची गिरण आसा?"

"हां! आता कशी बोललीस!" त्याचा जीव भांड्यात पडला. "संध्याकाळी येतो मग. दुप्पट धरतो."

मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात गॅलरीतून एक बोका बांगड्यांच्या वासानं पावलं न वाजवता आला. एकीकडे बांगडे, एकीकडे पोर, मध्ये बोका. हाड म्हणावं तर मावशी उठेल. मी विचार केला, बोक्याला भीती कुणाची? कुत्र्याची. आणि फटीतून तोंड काढून मी भुंकलो. हळूच भुंकायचं होतं हो. पण मला कुत्रं चांगलं जमतं.

बोका पळाला. पोरानं असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, काय झालं गं. आणि आतून आवाज आला, या वेळी खरा. "कोण गो?"

बाहेर बघितलं तर ऊन कठडा सोडून समोरच्या भिंतीवर चढलं होतं. म्हणजे झोप झाली होती बऱ्यापैकी. तेवढं तरी माझ्या खात्यात.

सभेहून मंडळी परतली तेव्हा मावशी दारात बसली होती. पाठ चौकटीला टेकलेली, पाय गॅलरीत लांब पसरलेले, मांडीवर शेजारणीचं पोर. दादांनी चपला काढता काढता विचारलं, "झोप लागली का मावशी?"

"लागली. कुत्र्यान उठवल्यान."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी बांगडे साफ करायला लागलो.

मग तो कार्यकर्ता डोकावला आणि मावशीनं दुपारी कबूल केल्याप्रमाणे दुप्पट भाकऱ्या सांगून गेला. दुप्पट म्हटल्यावर मावशी उठायला लागली, पण पट्टी बांधलेल्या हातानं ती थापणार काय? दादांनी बाह्या वर केल्या. "तू बस. आम्ही थापतो." गरम पाणी, तांदळाचं पीठ, आणि आम्ही सगळे परातीभोवती. साचे चालवणारे हात, वखारीत ओंडके उचलणारे हात, आणि माझे, शाई लागलेले. पहिली भाकरी दादांची. मावशीनं मान लांब करून बघितली.

"ही भाकरी काय नकाशो? आणि ह्येच्यात मुंबय खय आसा?"

"मुंबई तव्याला चिकटली मावशी."

"मगे सोडवा तिका! उद्या मोर्चो कसल्याक काडतास?"

सगळे हसले. तीही हसली. पण पाय काही आखडले नाहीत, पाठ काही चौकटीवरून सुटली नाही. बसल्या जागेवरून तिनं एकेकाला घेतलं. ह्याचं पीठ सैल, त्याचं पाणी जास्त, ह्याच्या आवशीन ह्याला काय शिकवल्यान. पोर तिच्या पदरात पेंगत होतं, आणि तिचा आवाज हळूहळू सैलावत होता, अंगातला शीण एकेक शिवीतून बाहेर पडत असल्यासारखा. मला वाटलं, माझी पाळी आलीच नाही, सुटलो. हळूच हात धुवायला उठलो.

"खय चललंस रे घाटावरच्या? बस! बस थयसर! माजो आवाज काडतंस, लोकांका भाकऱ्यो देतंस, कुत्र्यासारखो भुंकतंस! कोणाक इचारून? मगे आता हात पण माजे काड! आणि हसतंस काय मेल्या, थाप!"