मिलिमीटररावांचा दोऱ्यांचा नकाशा

नकाशा कार्यालयात त्यांना सगळे मिलिमीटरराव म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी रेघा ओढल्या, कधी डोंगरांच्या उंचीच्या, कधी पाण्याच्या नळांच्या. लोकसंख्येच्या नकाशात दाट वस्तीला गडद रंग, आणि नळांच्या नकाशात तीच वस्ती नावालाही नाही. नकाशा एका गोष्टीबद्दल बोलतो आणि बाकीच्यांबद्दल मूग गिळून बसतो, असं ते नव्या लोकांना सांगत. पण प्रमाण म्हणजे प्रमाण. खुद्द साहेबांनी सांगितलं तरी ते केसभर हलत नसत.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत बायकोची नजर गेली. तिचं मागणं एकच होतं, चार गल्ल्यांपलीकडच्या बहिणीकडे एकटीनं जायचं. "कुणाच्या तरी हाताला लोंबकळत जायचं असेल, तर मी घरातच बरी," ती म्हणाली. तीन महिने तिनं खरंच उंबरा ओलांडला नाही.

मग रावांनी पुठ्ठा घेतला. रस्त्यांना सुतळी चिकटवली, भिंतींना दोरा, वळणांवर शर्टाची बटणं. आठ दिवस फूटपट्टी घेऊन खपले. तिनं त्यावर बोटं फिरवली.

"मोठा रस्ता कुठाय?"

"हा काय, नखाएवढा."

"अहो, तो ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो! आणि ही सरळ गल्ली, जिथून मी डोळे झाकून जाईन, ती वीतभर?" स्वतःच्याच बोलण्यावर ती खुदकन हसली.

राव दोन दिवस फूटपट्टी घेऊन तोच नकाशा पुन्हा पुन्हा मोजत बसले. जाणूनबुजून चुकीचा नकाशा त्यांनी आयुष्यात काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोठा रस्ता वीतभर केला, सिग्नलच्या खांबाला कोटाचं बटण लावलं आणि सरळ गल्ली आखडून बोटाच्या पेराएवढी केली. तिनं आठवडाभर तो नकाशा बोटांनी पाठ केला.

गुरुवारी ती काठी घेऊन निघाली. रावांना राहवेना, म्हणून तेही वीस पावलं मागून निघाले. मोठ्या रस्त्याशी तिनं खांब चाचपला आणि गाड्या थांबण्याची वाट पाहत उभी राहिली. मान न वळवता म्हणाली,

"तुमची उजवी चप्पल करकरतेय. नकाशात तुम्ही नव्हता. घरी जा."

गाड्या थांबल्या. ती पलीकडे पोचेपर्यंत राव श्वास रोखून उभे होते. मग ते मागे फिरले. पेराएवढी केलेली ती सरळ गल्ली त्या दिवशी त्यांना संपता संपेना.