करुणाच्या चरातली छिन्नी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आई वारली, तिलाही नाही. एका मित्राजवळ एकदा तोंड उघडलं होतं, पण त्यानं मध्येच संत्र्याच्या भावाचा विषय काढला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून धीर होतोय का? असेल तसंही.

मी अमरावतीत पुरातत्त्व शिकवतो. नवी मुलं आली की माझं एक ठरलेलं व्याख्यान असतं. त्यात मी सांगतो की आता उत्खनन एकट्यादुकट्याचं काम राहिलेलं नाही. चुलीतला कोळसा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जातो, जळके दाणे वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे, हाडं जनावरांच्या डॉक्टरांकडे, धातू इंजिनिअरिंग कॉलेजात. "इतक्या नजरांतून खोटं निसटत नाही," असं मी म्हणतो, आणि मुलं ते लिहून घेतात.

निसटतं. माझं निसटलं.

करुणा आणि मी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. ती तिवशाची. आजोबांनी धम्म स्वीकारलेला, वडील एसटीत कंडक्टर, आणि घरातून इतकं शिकणारी ती पहिलीच. मी मोर्शीकडचा — बगीचा, जमीन, आणि सरांना माझे काका चांगले माहीत. मला कधी कुणी विचारलं नाही की तू इथे कसा आलास. तिला विचारायचे. हसत विचारायचे, पण विचारायचे.

अकोल्याकडे नदीकाठी एक पांढरी आहे — जुन्या वस्तीच्या टेकाडाला आमच्याकडे पांढरी म्हणतात, तिथली माती राखट असते म्हणून. तिथं आमचं उत्खनन चाललं होतं. माझा चर, म्हणजे खणायला नेमून दिलेला चौकोनी खड्डा, आणि तिचा चर शेजारी शेजारी. पाहुणे आले की सर त्यांना आधी तिचा चर दाखवायला न्यायचे. भिंती सरळ तासलेल्या, थर वेगवेगळे दिसणारे, काठावर मातीचा कण नाही. मला त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. पण पुढे जे झालं ते मत्सरानं नाही झालं. मत्सर असता तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं.

तिच्या आईला अचानक दवाखान्यात भरती केलं. करुणा पिशवी खांद्याला लावून माझ्याकडे आली.

"माह्या चराकडे पाहशीन? हे उगवतीकडची भिंत कच्ची हाये. तिच्यावर कोणाले चढू देऊ नोको."

"जाय वं तू. मी हाओ न."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक मोठे अभ्यासक साइट पाहायला आले. पलीकडच्या मळ्यात त्यांच्यासाठी रोडग्यांच्या जेवणाचा बेत होता. माझ्या मनात होतं, त्यांच्या शेजारी बसावं, आपलं नाव त्यांच्या कानावर पडावं. मी तिच्या चरातल्या मजूर बायांना "खणत राहा" असं सांगून गेलो. रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली, गप्पा लांबल्या. परत आलो तर भिंत पडलेली.

कुणाला लागलं नव्हतं. बायांनी पडलेली माती भराभर उपसली होती आणि त्याच हातानं खालचा थरही थोडा खणला होता. वरची माती, खालची माती, सगळा काला झालेला. त्यातल्या एकीनं गंजानं फुगलेली लोखंडाची छिन्नी माझ्यापुढे धरली.

"सर, हे निंघालं. कोन्त्या पिशवीत टाकू?"

आता हे नीट ऐका. प्रत्येक थराची पिशवी वेगळी असते, आणि अशा कालवलेल्या मातीतून निघालेल्या वस्तूचा थर सांगता येत नाही. ती बाजूला ठेवायची आणि भिंत पडली हे सांगायचं, एवढं पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. पण ते सांगायचं म्हणजे तिचा चर माझ्यावर असताना मी तो बायांवर सोडून जेवायला गेलो तेही सांगावं लागलं असतं. सर आणि ते पाहुणे माझ्या मागूनच येत होते, त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"खालच्या," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. सर पाहुण्यांना घेऊन तंबूकडे वळले, आणि संध्याकाळच्या आत मी ती भिंत तासून पुन्हा सरळ करून घेतली.

करुणा परतली. तिनं खालच्या थराची पिशवी उघडून पाहिली आणि ती खालीच बसली. त्या थरात लोखंड म्हणजे आमच्या भागात लोखंड आम्ही समजत होतो त्याच्या कितीतरी आधी आलं, असा अर्थ होत होता.

"तू होता न इथं?" तिनं विचारलं.

"इथंच होतो. माह्या डोयासमोर निंघालं."

तेव्हा सांगता आलं असतं. फक्त ती आणि मी होतो. ती चिडली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि संपलं असतं. मी का नाही सांगितलं? तिचा चेहरा इतका उजळला होता, असं मी पुढे स्वतःला समजावत आलो. खरं ते नाही. मला लाज वाटली, एवढंच.

त्या थरातल्या कोळशाचं वय प्रयोगशाळेनं काढलं. तिला हवं होतं तेवढं जुनं निघालं. तिनं निबंध लिहिला, अकोल्याच्या चर्चासत्रात वाचला, लोकांनी उठून अभिनंदन केलं. मग इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका धातुशास्त्राच्या प्राध्यापकांनी छिन्नीचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, हे लोखंड भट्टीवर ठोकलेलं नाही, कारखान्यात लाटलेलं आहे. म्हणजे रेल्वे आली त्याच्या आसपासचं किंवा नंतरचं.

कोळसा खरा होता, छिन्नीही खरी होती. मग ती तिथे ठेवली कुणी? आणि ठेवून फायदा कुणाचा?

विभागात बैठक झाली. करुणा शांतपणे म्हणाली, "सर, मी त्या दिवशी नव्हते. आईजवळ होते. चर याच्याकडे होता."

सर माझ्याकडे वळले. "काय रे?"

मी म्हणालो — शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "मी बहुतेक वेळ माझ्याच चरात होतो, सर. तिच्याकडचं नीट आठवत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे. मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "या लोकांना सगळं लवकर पाहिजे असतं." ते कुणाबद्दल आणि काय म्हटलं गेलं, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. त्या मजूर बायांना बोलावून विचारावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं. मला त्याचीच भीती होती.

तिच्यावर कारवाई झाली नाही. नुसते लोक तिच्याशी बोलेनासे झाले. सरांनी तिचं काम वाचायचं थांबवलं. एके दिवशी तिची खुर्ची रिकामी दिसली आणि मग तिथे कुणी झेरॉक्सचे गठ्ठे ठेवायला लागलं. विभागात जागा निघाली, ती मला मिळाली. करुणा शेंदूरजनाघाटच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला लागली, असं कानावर आलं. मोर्शी-वरूड रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन. गाडी कधी तिकडे वळवली नाही.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. आवाज ओळखला नाही, तिनं नाव सांगितलं. एका संत्र्याच्या बगीच्यात जेसीबीनं शेततळं खोदत होते, तर खापरं निघाली होती. "मी काम थांबवलं," ती म्हणाली. "तू ये."

मी गेलो. तिनं जेसीबीवाल्याला कसं थांबवलं, मालकाला कसं समजावलं, देव जाणे. ताडपत्री बाजूला केली तेव्हा खाली एक चूल, शेजारी बसकं मडकं, आणि खड्ड्याची कड — तिनं एकटीनं खुरप्यानं तासलेली, थर उलगडून दाखवणारी. मी इतक्या वर्षांत एवढी स्वच्छ कड तासलेली नाही.

"हे तुह्या नावानं दे," ती म्हणाली. "माह्यं नाव टाकू नोको. माह्यं नाव पाह्यलं का कोणी पुढचं वाचणार नाही. जागा वाचली पाहिजे."

"पण मलेच काहून?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

तिनं ताडपत्रीची घडी घातली. राग नव्हता तिच्या आवाजात.

"कारण मी तवा काही केलं नवतं, हे तुले माईत हाये. दुसऱ्या कोणाले नाही."

तिला माहीत होतं. सगळी वर्षं तिला माहीत होतं. बगीच्यात दुसरं कुणी नव्हतं. मी काय बोललो असेन, सांगा? मी म्हणालो, "ऊन्ह वाढलं, झाकून घेऊ."

आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री पुन्हा अंथरली, कडेनं दगड ठेवले. ती शाळेला उशीर होतो म्हणून स्कूटीवर निघून गेली.

त्या जागेचा अहवाल आता छापून आला आहे. त्यात भौतिकशास्त्रवाल्यांची नावं आहेत, वनस्पतिशास्त्राच्या बाईंचं आहे, इंजिनिअरिंग कॉलेजचंही आहे. सगळ्यांत वर माझं. आणि शेवटी, आभारांत एक वाक्य आहे: 'एका स्थानिक शिक्षिकेचे सहकार्य लाभले.'

ते वाक्य मी लिहिलं. छापायला जाण्याआधी पुन्हा वाचलं. तसंच राहू दिलं.