बरोबरीचं भांडण

आज शिकवायला वर्गात शिरले, तर रेश्मा आणि सानिका खिडकीजवळच्या जागेवरून कडाकडा भांडत होत्या. मी दारातच थांबले.

गेल्या वर्षापर्यंत आमच्या शाळेनं शिक्षणहक्क कायद्याखाली आलेल्या गरीब मुलांची तुकडी वेगळी ठेवली होती. "आमच्या मुलांना नको त्या सवयी लागतील," असं काही पालक उघड म्हणत. धुणीभांडी करणारी रेश्माची आई कोर्टात गेली. "माझी पोरगी सगळ्यांत बसणार," एवढंच तिचं म्हणणं. ती जिंकली आणि रेश्मा सानिकासारख्या फी भरणाऱ्या मुलींच्या वर्गात आली.

कायदा मुलांना एका वर्गात आणतो. पुढचं मुलं आपली आपण करतात. बिचकणारं माणूस जागेसाठी भांडत नाही. भांडतं ते, ज्याला जागा आपल्या हक्काची वाटते.

"बाई, हिला सांगा ना!" दोघी एकदमच ओरडल्या.

"तुमचं तुम्ही ठरवा," म्हटलं आणि मी फळा पुसायला घेतला.