मूठ सोडून

बाबांचा लोखंडी प्रेस रंगवायला दिला होता. बाइंडिंग केलेली पुस्तकं दाबून ठेवायचा, वर फिरवायचं चाक असलेला. बाबा गेल्यापासून वर्षभर त्यांच्या बंद बाइंडिंगच्या दुकानात पडून होता. रंगवून हॉलमध्ये शोभेला ठेवावा, असं माझ्या मनात होतं.

"जास्त टिकणारा रंग कुठला?" मी विचारलं.

"सगळेच टिकतात, खालचं लोखंड साफ पाहिजे," सलीमभाई पेंटर म्हणाले. त्यांनी गंज घासून लोखंड चांदीसारखं काढलं होतं. न राहवून मी त्यावर तळवा ठेवला.

"ताई, हात नाही!" ते ओरडलेच. "घाम लागला की रंगाखाली गंज धरतो. तुमची पाच बोटं वर येतील." थिनरच्या फडक्याने त्यांनी माझा स्पर्श पुसून टाकला आणि स्प्रे गन उचलली.

हिरव्या फवाऱ्यात प्रेस नवा होत गेला. मी चाकाच्या मुठीकडे बघत राहिले. सगळा प्रेस गंजला होता, ती तेवढी न घासताही गुळगुळीत, लख्ख होती. रोज तीच धरून चाक फिरवणारे बाबांचे हात तर कायम घामेजलेले. मग एकदाच मायेने लावलेला हात लोखंडाला खातो आणि रोज कामाला लागलेला हात त्याला राखतो, हे कसं? मी दिवाळीला यायचे, बाबांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि जायचे.

"मूठ राहिली," सलीमभाई म्हणाले.

"राहू द्या तशीच."

"गंजेल, ताई."

"नाही गंजणार," मी म्हणून गेले. आणि मग लक्षात आलं, आता ते दुकान मला उघडावं लागणार.